राहीआयची हाक

वाडीत एकाही घरावर कौल नव्हतं, सगळी घरं गवताने शाकारलेली, तेव्हाची ही गोष्ट. वाडीचं नाव फणसखोल. तिथे राहीआय नावाची एक म्हातारी राहायची. फणसाच्या जुन्या खोडावर लाकडासारखी टणक अळंबी वाढते, तिला फणसांबा म्हणतात. राहीआय तो सहाणेवर दुधात उगाळून द्यायची. विसराळू पोरं, जप करताना पेंगणारे म्हातारे, सगळे तिच्या ओटीवर. ते चाटण घेतलं की आजोबांच्या काळातली भांडणंसुद्धा आठवायची, असं म्हणतात. आता ते बरं की वाईट, तुम्हीच ठरवा.

पण तिचं खरं काम श्रावणात. रानात अळंबी उगवली की बायका टोपल्या सागाच्या पानाने झाकून तिच्याकडे आणायच्या. तोडलेल्या अळंबीवर दुसऱ्याची नजर पडली तर ती त्या जागी पुन्हा उगवत नाही, असा समज. म्हणून राहीआय पानाखाली हात घालून देठ चाचपायची आणि म्हणायची, "शिजव." नाहीतर म्हणायची, "पुरून टाक." विषारी कुठली ते तिच्या बोटांना कळायचं. खुणा मात्र दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हत्या. सासूने बोट धरून चाचपायला शिकवतानाच बजावलं होतं, "तोंडाने उच्चारल्यास तर डोक्यातून कायमच्या जातील हो!"

आणि डोकं तर आधीच रिकामं व्हायला लागलं होतं. राहीआय चूल पेटवायची आणि कशाला पेटवली ते विसरायची. गुपचूप स्वतःच फणसांबा चाटायची. जगाला गुण यायचा, तिला काही येईना. सांगणार कुणाला? जीव नुसता टांगणीला लागला होता बिचारीचा.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी टोपल्यांची रीघ लागली. राहीआयचा हात पानाखाली, मन भलतीकडेच. लहानपणी गेलेल्या तिच्या लेकीचं नाव तिला आठवत नव्हतं. ते आठवता आठवता ती "शिजव, शिजव" म्हणत राहिली. बायका गेल्या. दिवेलागणीला तिने तोंड पुसलं आणि बोटांना वास आला. गोडसर, शिळ्या मधासारखा. विषारी अळंबीचा!

"अगं बाई! कुणाची गं टोपली ती?"

आठवेना. कपाळ बडवून घेतलं, आठवेना. वाटीभर चाटण घशात ओतलं, तरी आठवेना. घराघरांतून धूर निघत होता. कुठल्यातरी चुलीवर मरण रटरटत होतं, आणि ते तिनेच पाठवलं होतं. एकेका घरात शिरून बघायला वेळ कुठला? राहीआय वाटेवर उभी राहिली, मनातल्या मनात सासूच्या पाया पडली आणि जन्मात उच्चारलं नव्हतं ते ओरडली,

"गळ्यात कडं, बुडाला वाटी, ती नेईल मसणवाटी! बघा गं बायांनो, बघा!"

दारादारांतून उत्तर येऊ लागलं, "बघितली गं, राहीआय!" पण प्रत्येक हाकेसरशी तिच्या डोक्यातलं काहीतरी निसटत होतं. आधी माणसांची नावं गेली, मग वाट, मग आपण कशासाठी ओरडतोय तेही. तोंड तेवढं थांबलं नाही, असं म्हणतात.

वाडीच्या टोकाला सुताराची द्वारकी राहायची. तिच्या दारातून उत्तर येईना. राहीआय तिथून हलेना. म्हातारीला चळ लागला असं समजून द्वारकी आत पोरीला घास भरवायला बसली होती. शेवटी वैतागून बाहेर आली.

"कान किटले माझे! काय गं झालंय तुला?"

"बुडाला वाटी!" राहीआय तिच्या तोंडावर ओरडली.

तेव्हा द्वारकीने टोपलीत टाकलेली देठं बघितली. एकेकाच्या बुडाला वाटी. तिने धावत जाऊन पोरीच्या तोंडात बोट घातलं आणि पहिलाच घास बाहेर काढला. मग पोरीला छातीशी धरून मोठ्याने रडत सुटली.

सकाळी राहीआयला स्वतःचं नावही सांगता येईना. पण खुणा वाडीतल्या शेंबड्या पोरांनासुद्धा पाठ झाल्या होत्या. आणि ती जिथे जिथे उभी राहून ओरडली, तिथे तिथे रातोरात पांढरीशुभ्र अळंबी उगवली, सगळी खायची, असं म्हणतात. द्वारकी पोरीला कडेवर घेऊन म्हातारीला पेज भरवायला आली, तर पोरीकडे बघून राहीआय हसली आणि म्हणाली, "चंपी." तेच तिच्या लेकीचं नाव होतं. द्वारकीच्या पोरीला पुढे सगळे चंपीच म्हणू लागले.

फणसांबा मागायला अजूनही लांबून माणसं येतात. वाडी उगाळून देते. गुण येतो की नाही, देव जाणे. पण श्रावणात पहिली अळंबी दिसली की बायका तीच हाक देत वाटेने निघतात, आणि अळंबीला न शिवणाऱ्यांच्या घरातूनसुद्धा उत्तर यावंच लागतं, "बघितली गं, राहीआय!" एखादं दार गप्प राहिलं, तर सगळी वाडी त्या दारात उभी राहते. घरी चुलीवरचं करपलं तरी कुणी हलत नाही.