माडांचं मुंडण

लहानथोर मंडळींनो, झाडं बोलत होती आणि माणसं त्यांना उलट उत्तरंही देत होती, अशा फार फार जुन्या काळची ही गोष्ट आहे.

समुद्राच्या काठी एक गाव होतं. गावात माणसांपेक्षा माड जास्त. तेल, छपराच्या झावळ्या, काथ्याचे दोर, सगळं माडांकडून यायचं. हवा बारा महिने उबदार. जाड पांघरूण कुणाच्याच घरी नव्हतं. हुडहुडी भरणं म्हणजे काय, हे कुणाच्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं.

या गावात एक भित्रा माड होता. उत्तरेकडून आलेलं एक बदक एकदा त्याच्या सावलीत उतरलं आणि बोलता बोलता म्हणालं, "आमच्याकडे थंडीत पाण्याचा दगड होतो. कधीतरी ती थंडी वाट चुकते आणि भलत्याच मुलखात शिरते."

बदक आपल्या वाटेनं निघून गेलं. माडाची झोप मात्र उडाली. तेव्हापासून जुनी झावळी गळायला आली, तरी तो ती सोडेना. शेंड्याभोवती घट्ट धरून ठेवायचा. बाकीच्या माडांनी त्याचं नाव ठेवलं गारठू.

"काय गारठू, आज पाण्याचा दगड झाला का रे?" ते सकाळी सकाळी विचारायचे.

"हसा. पण माडाला कोंब एकच असतो. तो मेला की माड मेला."

"आम्हालाही एकच आहे. आम्ही रडतोय का?"

गारठू होता आवडीचा. आवडी एकटी बाई, दोर वळून पोट भरायची. तिच्या मालकीचा तो एकच माड. त्याच्या नारळांच्या सोडणांचा काथ्या संपला की तिचे हात रिकामे. त्यामुळे ती त्याला जपायची, आणि दिवसभर शिव्याही घालायची.

एके दिवशी बातमी आली: राजा समुद्र बघायला गावात येणार. झालं! कारभारी धावत सुटला. गाव कसं जगतं याची त्याला कधी काळजी नव्हती, पण गाव कसं दिसतं याची फार. त्यानं वर पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे, हे माड आहेत की अंथरुणातून उठलेली माणसं? महाराजांनी काय म्हणावं! लोंबत्या झावळ्या सगळ्या उतरवा. डोक्यावर चारच ठेवा, ताठ उभ्या."

"कारभारी, हिरव्यासुद्धा?" कुणीतरी विचारलं.

"लोंबणारी हिरवी आणि लोंबणारी सुकी, यात मला फरक दिसत नाही."

कोयते चालले. दोन दिवसांत सगळं गाव मुंडण करून उभं राहिलं. माडांना तर फारच आवडलं. "मान कशी हलकी वाटते!" एक म्हणाला. "मागून कसा दिसतो रे मी?" दुसऱ्यानं विचारलं. वारा आला की आपापल्या चार झावळ्या उडवत ते एकमेकांकडे बघायचे.

गारठूवर गडी चढला, तसा गारठू भीतीनं एवढा लटपटला, की गडी अर्ध्यातून खाली उतरला आणि पोट धरून बसला. "वादळात होडी हाकली, कधी मळमळलं नाही. या माडानं आतडी हलवली!" तो पुन्हा चढायला तयार होईना. दुसराही होईना.

कारभारी आवडीच्या अंगणात आला. "आवडे, तुझ्या माडाला समजाव. महाराज यायच्या आत त्याचं मुंडण झालं नाही, तर मुळापासून तोडीन."

आवडीनं कंबरेवर हात ठेवून वर पाहिलं. "ऐकलंस का मेल्या? निमूट कापून घे."

"आवडाबाई, थंडी वाजेल हो."

"मला इथं घामाच्या धारा लागल्यात, आणि तुला थंडी वाजणार?"

"आज नाही वाजत. वाजेल तेव्हा झावळ्या कुठून आणू?"

 आवडी कारभाऱ्यावरच उखडली. "वेडा आहे तो, मान्य. पण माझा वेडा आहे. कुऱ्हाड घेऊन आलात तर आधी माझ्याशी गाठ आहे!"

आणि त्याच आठवड्यात थंडी वाट चुकली.

ती गावात आली ती विचारपूस न करता. घराघरांत खोबरेल थिजलं. बायका बुधले उलटे करून तळाला थापट्या मारत बसल्या. कोंबड्या खुराड्यातून निघेनात. कोळ्यांनी अंगाला जाळी गुंडाळली, पण जाळ्यात थंडी अडकत नाही हे त्यांना लवकरच कळलं. कारभाऱ्यानं आपली सगळी पागोटी एकावर एक चढवली, तरी त्याचे दात वाजतच होते. तीन दिवस हे असं चाललं. मग थंडी जशी आली तशी निघून गेली.

लोकांनी वर पाहिलं. प्रत्येक माडाच्या चारही झावळ्या करपून तपकिरी झाल्या होत्या. उघड्या डोक्यांवर थंडी सरळ उतरली होती आणि कोंबात जाऊन बसली होती. आवडीनं एकेका माडाला हाक मारून पाहिली. कालपरवापर्यंत टिवल्याबावल्या करणारे ते माड, एकानंही ओ दिली नाही.

गारठू तर सगळ्यांत भयंकर दिसत होता. त्याच्याकडे करपायला झावळ्याच जास्त होत्या!

आवडी त्याच्या बुंध्याशी गेली.  "आहेस ना रे?"

 वरून अगदी बारीक आवाज आला. "आहे. कोंब आतून ओला आहे. पण या करपलेल्या झावळ्या कुणाला काढू देऊ नका. ऊन तापेपर्यंत हेच माझं पांघरूण."

आवडीनं गावभर फिरून फाटकी शिडं गोळा केली. मळमळीचा तो गडी यावेळी स्वतःहून चढला. गारठूनंही दात आवळून अंग स्थिर धरलं. शेंडा गुंडाळून झाला.

थंडीमुळे राजाचे भोई आजारी पडले होते, म्हणून त्याचं येणं लांबलं. कारभाऱ्यानं ती संधी साधली. "करपलेलं सगळं कापा!" उरलेल्या चार झावळ्याही गेल्या. आता गावात नुसते खांब उभे होते. राजाची पालखी वेशीवर आली, तेव्हा कारभारी कुऱ्हाडवाल्याला घेऊन आवडीच्या अंगणात पोचला होता.

"बाजूला हो. एवढं एक गबाळं राहिलंय."

"नाही होत." आवडी बुंध्याला पाठ लावून उभी राहिली. "तोडायचंच असेल तर माझ्यासकट तोडा."

हा आरडाओरडा ऐकून पालखी तिकडेच वळली. पडद्यातून राजानं डोकं काढलं. डोक्याला शाल, गळ्याला शाल, नाक लालभडक.

"हा काय गोधळ आहे?" राजाला 'गोंधळ' म्हणायचं होतं, पण नाक साथ देत नव्हतं.

"महाराज, हा माझा माड. आजारी आहे."

"काय झालंय त्याला?"

"थंडी बाधली."

राजाचे डोळे एकदम भरून आले. "बलाही!" म्हणून तो सणसणीत शिंकला. मग कुऱ्हाडीकडे बघून त्याचा पारा चढला. "आजाऱ्याला तोडता? उद्या बला शिंक आली की बाझ्यावरही कुऱ्हाड आणाल? हा बरा होईपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही!"

कारभाऱ्यानं घाईघाईनं पागोटं सावरलं आणि राजाचं लक्ष दुसरीकडे वळवलं. राजानं उघडे खांब पाहिले. "आणि हे इतके खांब कशाला?"

"महाराजांच्या निशाणांसाठी," कारभारी क्षणात म्हणाला.

राजा खूश झाला. खांबाखांबावर निशाणं फडकली. कारभाऱ्याला शेला मिळाला. राजा शिंकत शिंकत परत गेला. असे कारभारी आणि असे शेले तुम्हीही पाहिले असतील. मला त्यांचा अजून राग येतो, पण गोष्ट पुढे नेली पाहिजे.

ऊन तापलं. खांबांचे शेंडे कुजले, त्यांना वास सुटला आणि एकेक करून ते निशाणांसकट खाली पडले. गारठूची शिडं आवडीनं गड्याकडून सोडवून घेतली. करपलेल्या झावळ्यांच्या मधोमध, सुईसारखा सरळ, हिरवागार कोंब वर आला होता.

"बघ, मेल्या, जगलास!" आवडी रडत रडत ओरडली.

"थंडीनं मारले हो माझे माड," कारभारी लोकांना सांगत फिरत होता. "थंडीपुढे कुणाचं काय चालतं?"

वरून गारठू म्हणाला, "कारभारी, थंडी मलाही तीच होती."

त्या साली गावात तेल नव्हतं. छपरं गळली. परगावाहून दोर आणावे लागले, तेही आखूड निघाले. गारठूला पुन्हा नारळ धरायला दोन वर्षं लागली. पहिला घड नीट पिकला, तेव्हा आवडीनं घराघरांत रोपासाठी एकेक नारळ दिला. सगळ्यांत शेवटी कारभारी आला, मान खाली घालून. आवडीनं त्यालाही दिला.

नारळ हातात तोलत त्यानं विचारलं, "याला फळ कधी येईल गं?"

"तुमची धाकटी आता रांगते ना? तिच्या लग्नात फोडायला मिळेल."

"एवढी वर्षं?"

"हो," आवडी म्हणाली. "कापायला दोन दिवस पुरले होते."

 कारभाऱ्यानं घरामागे खड्डा खणला, नारळ पुरला आणि रोज पाणी घालू लागला.

बोध: पाहुण्याच्या नजरेत नीटनेटकं दिसावं म्हणून आपलं पांघरूण कापून टाकू नये, पाहुणा निघून जातो आणि थंडी आपल्यालाच वाजते.