शेवटचा घोट

बाळांनो, आजूबाजूच्या साऱ्या जंगलांनी आपापले राजे कधीच हाकलून दिले होते, तेव्हाही एका जंगलात एक म्हातारा सिंह राजा म्हणून राहत असे. त्याला ठेवून घेताना प्राण्यांनी अट घातली होती. कारभार पंचायत पाहील. राजाने रोज संध्याकाळी पाणवठ्यावर यायचे आणि सर्वांचे पिऊन झाल्यावरच पाणी प्यायचे. सुरुवातीला हे सिंहाच्या फार जिवाला लागले. माकडे तर मुद्दाम रेंगाळत पीत आणि त्याच्याकडे बघून दात विचकत. पण हळूहळू त्याला त्या थांबण्याची गोडी लागली. कोण लंगडतो आहे, कोणाचे पिल्लू आज दिसले नाही, हे त्याला तिथेच कळे.

पुढे मोठे युद्ध पेटले. रानकुत्र्यांच्या टोळ्या एकेक जंगल पालथे घालत आल्या. कळप फुटला की एकेकाला गाठायचे, ही त्यांची रीत. इथेही त्या पाणवठ्याभोवतीच्या गवतात दबा धरून बसल्या. भर उन्हाळ्यात घसे सुकले, तरी कोणी पाण्याकडे फिरकेना. जो तो वाट फुटेल तिकडे पळून जाण्याच्या बेतात होता.

संध्याकाळी सिंह मात्र नेहमीच्या जागी येऊन बसला. मागच्या बांबूंतून कोल्हा हळूच म्हणाला, "महाराज, पोटभर प्या आणि माझ्याबरोबर डोंगरापलीकडे चला. इथे बघायला आहे कोण?"

सिंहाची जीभ टाळूला चिकटली होती. गवतातले डोळे त्यालाही दिसत होते, आणि भीती त्यालाही वाटत होती. तरी तो म्हणाला, "अजून कोणी प्यायलेले नाही. माझी पाळी यायची आहे."

झाडावरच्या कावळ्याने ही बातमी रानभर केली. "राजा बसून आहे. त्याने तोंडही ओले केलेले नाही."

"मग आपण प्यायल्याशिवाय तो काही पिणार नाही," म्हातारा गवा कुरकुरला. "चला बाबांनो. आपल्यापायी उगाच त्याचा जीव जायचा."

गवा निघाला. त्याच्यामागे त्याचा कळप, सांबरे, रानडुकरे, माकडेसुद्धा. सारे अंगाला अंग लावून पाण्याकडे आले. रानकुत्र्यांच्या म्होरक्याने बराच वेळ पाहिले. एकही प्राणी एकटा सापडेना, तेव्हा तो टोळी घेऊन जंगलाबाहेर निघून गेला.

माकडे त्या दिवशी भराभर पाणी प्यायली. मग सारे बाजूला झाले, आणि सिंहाने मान खाली घातली.

तात्पर्य : जो सुखाच्या दिवसांत आपली पाळी शेवटी घेतो, त्याच्यासाठी संकटाच्या दिवशी सगळे धावून येतात.