रहाटावरचा दुर्गाप्पा

एका माळावरच्या गावात विहिरी खणणारे दोन भाऊ राहत होते. थोरला मलकू खाली उतरून खडक फोडी. धाकटा दुर्गाप्पा वर रहाट फिरवून दोर वरखाली करी. तळाशी काळोख असे. म्हणून रहाटावरच्या माणसाने डोळ्यांवर नव्हे, कानांवर काम करायचे, अशी त्यांची रीत होती. ‘ओढ’ ऐकले की ओढायचे, ‘सोड’ ऐकले की दोर सैल करायचा.

दोन वर्षांपूर्वी दुर्गाप्पाला नसलेली माणसे बोललेली ऐकू येऊ लागली. तो झोपेना, जेवेना. तालुक्याच्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया हा आजार ओळखला आणि रोजची गोळी सुरू केली. हळूहळू आवाज थांबले. “बरं वाटलं तरी मला विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही,” असे त्यांनी बजावले होते.

गोळीने तोंडाला कोरड पडे, सकाळी अंग जड वाटे. त्यात नव्या विहिरीचा मालक सुभानराव एकदा म्हणाला, “गोळ्या खाणाऱ्याच्या हाती दोर? मलकू, विमा उतरवलास का रे?” सगळे हसले. दुर्गाप्पाही हसला. मनाशी म्हणाला, ‘पाणी लागल्यावर कोण खणत बसतं? मी तर बरा झालोय.’ त्या दिवसापासून तो गोळी गुपचूप चुलीत टाकू लागला.

तीन आठवडे गेले. एका दुपारी मलकू दोराला धरून वर येत होता. तो अर्ध्यावर होता, खाली वीस हातांवर नुसता खडक.

“सोड!” दुर्गाप्पाच्या कानाशी कुणी म्हणाले. “दोराला तुझा भाऊ नाहीच!”

“अरे ओढ की! झोपलास का?” दुसरा आवाज आला.

खरा कुठला? त्याला कळेना. सुभानराव काठावरच उभा होता. बोलावे तर काम जाणार, गावभर नाचक्की होणार. गप्प राहावे तर हाताचा भरवसा नव्हता.

त्याने रहाटात लोखंडी खुंटी ठोकली. चाक अडकले. मग दोन्ही हात मागे घेऊन तो ओरडला, “वहिनी, रहाट धरा! मला परत आवाज येतायत. मी गोळ्या सोडल्यात!”

मलकूची बायको तायव्वा डोक्यावरची पाटी टाकून धावली.

“बघा, मी सांगत नव्हतो?” सुभानराव म्हणाला.

“मालक, बोलणं मागनं. आधी हात लावा!” तायव्वा रहाट धरत म्हणाली.

दोघांनी मिळून मलकूला वर घेतले.

त्याच दिवशी मलकू भावाला डॉक्टरांकडे घेऊन गेला. ते रागावले नाहीत. त्यांनी औषध पुन्हा सुरू केले आणि कोरड पडते म्हणून ते बदलूनही दिले. दुर्गाप्पा अडीच महिने दगडाच्या पाट्या वाहत राहिला. मग डॉक्टरांनी होकार दिल्यावर मलकूने त्याला रहाटावर बोलावले.

“परत ह्याच्याच हाती?” सुभानराव म्हणाला.

मलकू दोर धरत म्हणाला, “आपला हात डळमळतोय हे चारचौघांत सांगणारा दुसरा कोण आहे, मालक? असला तर दाखवा.” आणि तो खाली उतरला.

तात्पर्य: बरे वाटू लागले म्हणून डॉक्टरांना न विचारता औषध सोडू नये, आणि त्रास परतलाच, तर लाजेपायी तो लपवू नये, वेळेवर सांगावा.