दवात भिजलेलं घोंगडं

दिवस कासराभर वर आला होता. गवतावरचं दव अजून तसंच होतं. बोरखडीच्या तळ्याखालच्या रानात म्हाकूबाईची कोकरं हिरव्यागार गवतात उभी होती, आणि त्यातलं एकही तोंड खाली घालत नव्हतं. शेजारी मायाप्पाची कोकरं आधाशासारखी चरत होती. म्हाकूबाईची मात्र माना वर करून गोल उभी राहिली होती. मधोमध काळं घोंगडं पांघरून कुणीतरी पाठमोरं बसलं होतं.

म्हाकूबाई तिथे नव्हती. ती आपल्या पालात तापाने फणफणली होती.

बोरखडी हे माणदेशातलं कोरडं गाव. गावाबाहेरच्या उघड्या माळावर एका खोपटात दर्याबा महाराज राहत. मठ नाही, शिष्यांचा लवाजमा नाही. अंगावर एक घोंगडं, पुढ्यात धुनी, आणि धुनीच्या राखेत ऊब शोधत येणारी गावची कुत्री. धनगरांवर महाराजांची फार माया. मेंढरांचा कळप माळावरून गेला की महाराज उठून उभे राहत, जणू पाहुणेच आले!

म्हाकूबाई विधवा होती. दीर मायाप्पा याच्या कळपाबरोबर ती फिरे. मागच्या दुष्काळात तिची मोठी मेंढरं बरीच गेली होती. यंदाची कोकरं जगली तर तिचा कळप राहणार होता, नाहीतर उरलेला जन्म दिराच्या चुलीपुढे भाकरी थापण्यात जाणार होता. ती रोज सकाळी महाराजांना वाटीभर दूध नेई आणि मनातलं सगळं सांगून येई.

उन्हाळ्यात धनगर मंडळी शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवतात. रात्रभर कळप तिथे बसतो, लेंड्या-मुताने जमीन कसदार होते. तळ्याखालच्या ह्या रानात मायाप्पाने अशीच मेंढरं बसवली होती. यंदा रानाच्या मालकाने ते पडीक ठेवलं. पाऊस झाला आणि आजूबाजूचा माळ करडा असताना तेवढाच तुकडा मखमलीसारखा हिरवा झाला. मायाप्पाची छाती फुगली.

"आपल्याच मेंढरांच्या लेंड्यांवर उगवलंय," तो म्हणाला. "ते दुसऱ्याच्या तोंडात का जावं? सोडा कोकरं!"

म्हाकूबाईने महाराजांना विचारलं. महाराजांनी धुनीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाले, "माय, कळप जिथे बसला तिथलं पहिलं हिरवं कोकराचं नव्हे. त्या पात्यांवर कुणी भुकेलं बसलंय. तुझी लेकरं वर टेकडीला ने."

"टेकडीला काय हाय, देवा? बोरी-बाभळीचा पाला आन् कुसळं."

"तेवढं पुरेल. मी आहे ना!"

तिने टेकडी धरली. कोकरं काटक राहिली, पण अंगावर मांस चढेना. मायाप्पाला चेष्टेला विषय मिळाला.

"वैनी, बुवानं कोकरांना उपास लावला का काय? एकादशी तरी सांगा कंची!"

"असू द्या भावजी. माझी हाडकुळीच बरी."

"आवं, पुढल्या साली बुवा दगडं चारायला सांगतील. तवा आमच्याकडं दात मागू नका!"

सगळे हसले. म्हाकूबाईही हसली, पण पालात गेल्यावर तिने एकेका कोकराच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि तिचे डोळे भरून आले.

मग तिला ताप आला. मायाप्पा मनाने वाईट नव्हता. वहिनी उठेपर्यंत कोकरं गुबगुबीत करून दाखवू, म्हणून त्याने ती आपल्या कोकरांबरोबर हिरव्यात घातली. आणि तिथे त्याला हे घोंगडं दिसलं.

"कोण हाय ते? उठा की! कोकरं बुजल्यात!"

घोंगड्यातून चेहरा वळला. दर्याबा महाराज! ते हसले, उठले आणि टेकडीच्या दिशेने चालू लागले. म्हाकूबाईची कोकरं आईमागे जावीत तशी त्यांच्यामागे गेली.

मायाप्पा हसत हसत पालांकडे परतला. "ऐका! बुवानं राखणीचं काम धरलंय!"

तिथे गावचा म्हातारा सटवाजी नुकताच येऊन बसला होता. तो चमकला. "कुठल्या बुवानं? म्या उजाडल्यापास्नं महाराजांचं पाय चेपत हुतो. धुनीपास्नं हललं न्हाईत ते. आत्ता तर उठून आलोय."

"मग माझं डोळं फुटलं का?"

"तुजं तू बघ बाबा."

म्हाकूबाईने पालातून हे ऐकलं. तिने पडल्या पडल्याच हात जोडले. त्याच दुपारी ताप उतरल्यावर ती माळावर गेली तेव्हा महाराजांचं घोंगडं कुंपणावर वाळत होतं. काठ अजून दमट होता आणि त्याला हिरवी पाती चिकटली होती. त्या माळावर हिरवं पातं औषधालाही नव्हतं!

पुढच्या पंधरवड्यात मायाप्पाची कोकरं अंग टाकून बसू लागली. पापणी उलटून पाहावी तर आत रक्त आटल्यासारखं पांढरंफटक. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबे. एक मेलं, त्याचं पोट चिरून पाहिलं, तर आत तांबूस सुतासारखे जंत वळवळत होते. पात्यांवर बसलेलं भुकेलं ते हेच! मग रोज एखादं पडू लागलं. म्हाकूबाईची हाडकुळी मात्र टेकडीवर उड्या मारत होती.

शेवटी एका दुपारी मायाप्पा आपलं लाडकं कोकरू खांद्यावर घेऊन माळावर आला. या कोकराची आई विताना गेली होती. त्याने त्याला आपल्या हाताने दूध पाजून वाढवलं होतं. म्हाकूबाई आपली मेंढरं घेऊन तिथेच होती. त्याने कोकरू धुनीपाशी ठेवलं आणि महाराजांच्या पायांवर डोकं टेकवलं.

"म्या हसलो, देवा. सजा मला द्या. ह्याला कशापायी?"

"सजा कसली, वेड्या?" महाराज म्हणाले. "हिरवं पाहून तुझं मन भुललं, एवढंच. ऊठ. पाय माझे धरतोस, पण ह्याच्या भुकेचा घास हिच्याकडे आहे."

मायाप्पा वळला आणि वहिनीसमोर वाकला. "आवं भावजी, हे काय!" म्हणत ती मागे सरली. तिने कोकरू उचललं, मेंढीला वास आपलाच वाटावा म्हणून आपल्या दुभत्या मेंढीचं दूध त्याच्या अंगाला चोळलं आणि त्याला तिच्या कासेला लावलं. मेंढीने हुंगलं. एकदा पाय आपटला. मग उभी राहिली.

महाराजांनी कोकराच्या पाठीवर हात ठेवला. कोकरू थरथरत पायांवर उभं राहिलं आणि चोखू लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनगरांनी पालं मोडली आणि कळप टेकडीच्या वाटेने पुढे निघाले. सटवाजीने त्यांना जाताना पाहिलं. तो सांगे, कोकरू मायाप्पाच्या खांद्यावर होतं, पापणी अजून पांढरीच होती, आणि कान मात्र उभे होते. मायाप्पा दर थोड्या वेळाने थांबून त्याला वहिनीच्या मेंढीपाशी खाली ठेवत होता.