ज्याची वस्तू, त्याच्या हाती दोरी

घर्र... घर्र... आणि मग एकदम काहीच नाही. लहानपणी ऐकलेला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मांडवातला चरक चालता चालता मध्येच थांबला होता. मी आजाला विचारले, मोडला का? आजा म्हणाला, "मोडला नाही. वस्तूचा धनी थांबला."

मंडळी, या खैरवणे गावात कातारकाम करणारी आम्ही पाच घरे. मांडव मात्र सगळ्यांचा एकच. लाकूड फिरवून कातायचे चार चरक आता विजेवर चालतात. कोपऱ्यातला हा पाचवा तेवढा दोरीचा. लाकडाला दोरीचा वेढा घालून एकाने ती दोन्ही हातांनी आलटून पालटून ओढायची, दुसऱ्याने पटाशी धरायची. कोणी घरातली जुनी वस्तू घेऊन आले, तर ती याच चरकावर चढते आणि दोरी ओढायला ज्याची वस्तू तोच बसतो. असे का, त्याची गोष्ट सांगतात ती अशी.

फार वर्षांपूर्वी मांडवात हा एकच चरक होता आणि पाच घरे पाळीने काम करत. खाली नदीवर राघो नावाचा तारी होडी चालवायचा. त्याची बायको आवडी तापात गेली. पोरबाळ नव्हते. तिच्या हातचे म्हणून घरात एक जाते राहिले. आवडी डावखुरी होती म्हणे. वीस वर्षे दळून दळून जात्याच्या खुंट्याला तिच्या अंगठ्याचा खळगा पडला होता, आणि तोही उलट्या अंगाला, जिथे दुसऱ्या कोणाचा अंगठा जायचा नाही. राघो रोज होडीवर जाण्याआधी त्या खळग्यात आपला अंगठा ठेवून घटकाभर बसायचा. दळायचा नाही. नुसता बसायचा.

पुढे खुंटा बुडाशी कुजला आणि जात्यात डगडगू लागला. राघो तो घेऊन मांडवात आला. त्या दिवशी पाळी बाबल कातार्‍याची होती. राघोने त्याला नीट सांगितले की, कुजलेले काढून बुडाला नवे टोक कर, वर मात्र हात लावू नकोस. बाबल बरे म्हणाला. पण सासरा अत्यवस्थ असल्याचा सांगावा आला आणि बाबल घाईने निघाला. जाता जाता धाकू कातार्‍याला एवढेच म्हणाला की, राघोचा खुंटा तेवढा करून ठेव. बाकीचे सांगायचे राहून गेले.

धाकू पाचही घरांत हुशार हाताचा. एका अंगाने झिजलेला तो खुंटा पाहून त्याला वाटले, असली वस्तू आपल्या मांडवातून बाहेर कशी जाऊ द्यावी? त्याने टोक केलेच, वरचेही सगळे कातून गोल, गुळगुळीत केले आणि लाखेचा हात दिला. राघो आला तेव्हा खुंटा त्याच्या हातात ठेवून धाकू हसत म्हणाला, "घ्या तारीमामा. आता दळायला नवी नवरी तेवढी आणा."

राघोने खुंटा डाव्या हातात धरला. फिरवला. पुन्हा फिरवला. मग हळूच म्हणाला, "हिचा अंगठा इथं होता. कुठं गेला?"

धाकू तिथेच भुशात बसला म्हणतात. पाच घरांच्या लाकडांचा भुसा एक झालेला. त्यातून तो दिवस मावळेपर्यंत त्या खुंट्याच्या खैराचा तांबडा भुसा वेचत राहिला. मूठभर निघाला. त्याचे पुढे काय करायचे, ते त्यालाच कळेना.

मग त्याने शपथ वाहिली की, तो खळगा परत पडेपर्यंत चरकाला शिवणार नाही. तो रोज सकाळी राघोच्या घरी डाव्या हाताने दळायला जाऊ लागला. पहिले काही दिवस राघोने दार उघडले नाही. धाकू पायरीवर बसून राहायचा. नंतर दार उघडले. असे त्याने बारा वर्षे दळले. खुंट्याला पुन्हा खळगा पडला.

तो हुबेहूब आवडीचाच होता, असे काही जण सांगतात. माझा आजा म्हणायचा, तसे नव्हे. राघोने त्यात अंगठा ठेवून पाहिला आणि म्हणाला, "हा तुझा आहे रे, धाकू." मग अंगठा काढून घेत म्हणाला, "उद्यापासून मांडवात जा. दोरी ओढायला मी येतो."

हात चालत होते तोवर राघो त्या दोरीवर बसला. कोणी जुनी वस्तू घेऊन आले की तो उठायचा आणि दोरी त्या माणसाच्या हातात द्यायचा. सांगायचा एवढेच, की तू थांबलास तर लाकूड थांबेल.

आजही दोरी थांबली की आम्ही पटाशी उचलतो. का थांबलात, असे विचारत नाही. गेल्या कार्तिकात घाटावरून एक बाई आल्या होत्या. आईचे लाटणे घेऊन. एका बाजूला झिजले होते, पोळी एकीकडे जाड राहते, सरळ करून द्या म्हणाल्या. दोरी हातात दिली तर हसल्या. "बाबा, काम तुमचं आणि राबायचं मी होय?" मी म्हटले, आमच्यात तशी रीतच आहे. त्यांनी दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा हात मध्येच थांबला. मी पटाशी उचलली. बाईंनी वेढा सोडला, लाटणे काढून घेतले, पदराने त्यावरचा भुसा पुसला आणि ते तसेच घेऊन घाटाच्या वाटेने निघून गेल्या.