‘वर’चा ‘मुलगा’ होतो तेव्हा

एकदा एका वृद्ध प्रोग्रॅमरकडे एक शिष्या विद्या शिकण्यासाठी आली. वृद्धाचे नाव नाडगौडा सर. मिरजेत त्यांचे दोन खोल्यांचे कार्यालय होते. माउसला ते सहसा हात लावीत नसत. सगळे काम कीबोर्डवरच, आणि तेही पाहणाऱ्याची नजर ठरू नये अशा वेगाने. शिष्येचे नाव तृप्ती मगदूम. तिला हा वेग हवा होता, आणि शक्य तर याच महिन्यात.

सरांनी तिला प्रथम शोधून बदलण्याच्या दोन कळा शिकवल्या. एक कळ शोधलेल्या शब्दाच्या पुढच्या ठिकाणी नेऊन उभे करी. दुसरी तेवढाच एक शब्द बदली. तृप्तीने वहीत लिहून घेतले आणि मनात म्हटले, ही तर बैलगाडी झाली. दोन दिवसांत तिसरी कळ तिने स्वतःच शोधून काढली. ती दाबली की तो शब्द फाइलमध्ये जिथे जिथे असे, तिथे तिथे एका दमात बदले. सरांना ही कळ ठाऊकच नसावी, या विचाराने तिला त्यांची थोडी दयाच आली.

त्याच आठवड्यात आरवाडे काकू आल्या. त्या विवाह मंडळ चालवीत, आणि मंडळाची वेबसाइट सरांकडे होती. त्यांना दोन शब्द जुनाट वाटू लागले होते. ‘दूरध्वनी’च्या जागी ‘मोबाईल’ हवा होता आणि ‘वर’च्या जागी ‘मुलगा’. ‘वधू’ राहू द्या, म्हणाल्या, मुलींच्या आयांना तो शब्द आवडतो. पण ‘वर’ वाचले की मुले बिचकतात. सरांनी काम तृप्तीला दिले, दोन कळांची आठवण करून दिली आणि ते सांगलीला गेले.

तृप्तीने तिसरी कळ दाबली. ‘दूरध्वनी’चा क्षणार्धात ‘मोबाईल’ झाला, कुठे ओरखडा नाही. मग ‘वर’ची पाळी. ‘६१२ बदल झाले’ असे पडद्यावर उमटले. तिने ती पाने वेबसाइटवर चढवली आणि समाधानाने चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू छापलेला कागद घेऊन हजर. सर शांतपणे वाचू लागले. प्रत्येक स्थळाचा आरंभ ‘परमेश्मुलगाकृपेने’ असा होता. कुणी ‘स्वतःच्या पायामुलगा’ उभा होता, कुणी ‘वेळेमुलगा’ जेवत होता, तेही ‘मुलगाण-भात’. वयापुढचे ‘वर्षे’ तर असे मोडले होते, की वाचताना जीभ अडखळावी.

काकू म्हणाल्या की, हे सगळे हसण्यावारी नेता आले असते. पण एक ठरत आलेले स्थळ मोडले होते. सन्मती नावाचा शिक्षक. त्याने आणि मुलीने एकमेकांना पसंत केले होते. मुलीच्या वडिलांनी शेवटचे म्हणून पान उघडले, तर तिथे लिहिलेले: ‘घर: खाली तीन खोल्या, मुलगा एक.’ आधीच्या लग्नाचा मुलगा लपवून ठेवला, असे म्हणून त्यांनी बोलणी थांबवली. मुलगी कालपासून जेवली नव्हती.

तृप्तीला वर बघवेना. सरांनी जुनी प्रत पुन्हा चढवली, काकूंनी तिथूनच मुलीच्या वडिलांना फोन लावला. मग सरांनी तृप्तीशेजारी खुर्ची ओढली आणि तेच काम पुन्हा करायला सांगितले: दोनच कळांनी, प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून. सहाशे बारा ठिकाणे. तिने हळूच सुचवले, “सर, तिसऱ्या कळीला ‘अख्खा शब्द असेल तरच बदल’ असे सांगता येते. मग ‘वरण’ वाचेल.”

“वरण वाचेल,” सर म्हणाले. “सन्मतीचे घर काढून बघ.”

तिने काढले. ‘खाली तीन खोल्या, वर एक.’ इथे ‘वर’ अख्खाच होता, सुटा.

“ती कळ मी रोज वापरतो,” सर म्हणाले. “पण जिथे प्रत्येक शब्द माझाच असतो, तिथे. ही पाने लोकांनी आपल्या लेकरांविषयी लिहिली आहेत. अक्षरे तीच असली, तरी प्रत्येक ठिकाणी माणूस वेगळे काही सांगतो आहे. बोटांनी हवी तेवढी घाई करावी. बदलण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे मात्र ऐकून घ्यावे.”

तृप्ती वाचू लागली. ‘वराची उंची’ आली, तेव्हा ‘मुलाची’ करावे लागते हे तिचे तिलाच उमगले. दुपारी काकूंचा फोन आला. मुलीचे वडील राजी झाले होते. मात्र ती माडीवरची खोली स्वतः जिना चढून पाहणार होते.

संध्याकाळी सरांनी विचारले, किती बदलले?

“एकशे चार.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे आपापल्या जागी बरोबरच होते, सर.”

घरातल्या माणसांना सुधारायला निघताना आपल्याला एवढे जरी आठवले, तरी पुष्कळ झाले.