रुणुक पक्षी आणि राजाची मूठ

एका राज्यात, समुद्राला खारटपणा यायच्या आधी की नंतर ते मला विचारू नका, चंद्रकेतू नावाचा राजा होता. त्याच्या किनाऱ्यासमोर एक बेट होते. त्यावर रुणुक नावाचा पिवळा पक्षी राही. अंगठ्याएवढा, आणि साऱ्या पृथ्वीवर दुसरीकडे कुठेच नाही. कोळी त्या बेटावर नारळ उतरवायला जात ते तोंडात अख्खी सुपारी धरून, म्हणजे बोलायची सोयच नाही. कारण रुणुक जी आज्ञा ऐके तीच गाऊ लागे, आणि तो गाईल ते जगाला मानावे लागे.

राजाला हे सांगितले होते. पण राजाला गप्प बसायची सवय कुठली! बेटावर पाय ठेवताच पक्षी दिसला, तशी तलवार उपसून तो गरजला, "पकडा!"

"पकडा, पकडा," रुणुक गाऊ लागला.

आणि जगाने पकडले. विहिरींनी पाणी धरून ठेवले, फांद्यांनी फळे. राजाची मूठ तलवारीवर मिटली ती उघडेना. कसाबसा तो महालात परतला, तर राणी मृगावतीला कळा सुरू झालेल्या. आणि बाळ पोटातून सुटेना.

राजा किनाऱ्यावरच्या निळाई मांत्रिकिणीकडे धावला.

"आई, उपाय सांग."

"हातात काय आहे?"

"तलवार. सुटत नाही."

"मग पाळणा काय दातांनी ओढणार?" म्हातारी म्हणाली. "ऐक. एकट्याने जा. होडी हुकमाने हलणार नाही. वाटेवरची नागीण हुकमाने हटणार नाही. आणि रुणुकपुढे तर तोंडच उघडू नकोस. पक्षी ऐकलेले विसरला, की त्याला स्वतःचे गाणे आठवेल."

राजाला होडीपुढे हात जोडता येईनात, म्हणून त्याने तिला नुसत्या शब्दांनी विनवले. ती वल्ह्यावाचून निघाली. बेटावर नागिणीपुढे त्याने मस्तक वाळूला टेकले. मुकुट तिथेच गळून पडला आणि ती बाजूला सरली. मग सुपारी तोंडात धरून राजा रुणुकच्या झाडाखाली बसला.

"पकडा," पक्षी गाई. राजा गप्प.

इतक्यात राणीची हाक आली. वाऱ्याने ती पकडून आणली होती. "महाराज!"

राजाच्या जिभेवर शब्द आला, 'सोडा!' एवढे म्हटले की बाळ सुटेल. पण मग मुळे माती सोडतील, छपरे भिंती सोडतील, आणि राणी प्राण सोडील. त्याने दात असे आवळले की सुपारीची दोन खांडे झाली. शब्द बाहेर आला नाही. डोळे मात्र वाहू लागले.

रुणुकने मान वाकडी करून पाहिले. ऐकायला काहीच नव्हते. त्याने एक शीळ घातली, अर्धीच. मग पुरी. त्या गाण्यात शब्द नव्हता.

तलवार वाळूत पडली. समुद्रापलीकडून एक नवे, चिडके रडणे ऐकू आले.

महालात परतून राजाने मोकळ्या हातांनी लेक उचलली. राणी म्हणाली, "मी हाक मारली. तुम्ही ओ दिली नाहीत."

राजाने तोंडातली सुपारीची दोन खांडे तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती पाहिली आणि मूठ हळूच मिटून घेतली.

त्या राज्यात अजूनही राज्याभिषेकाला आधी तोंडात सुपारी देतात, मगच मुकुट. मुकुट अर्थातच नवा. जुन्यात नागिणीने अंडी घातली आहेत.